शिकवणाऱ्याचा स्वतःचा दवाखाना



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची ओळख या गावाला मी करून द्यावी असे नाही. एम.बी.बी.एस. झाल्यावर त्यांनी बाजारपेठेत दवाखाना काढला आणि अखेरपर्यंत त्याच खुर्चीत बसून त्यांनी माणसे तपासली. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातल्या तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्याबद्दल बोलताना लोक आजही म्हणतात, डॉक्टरांच्या हाताला गुण होता. आज मला त्या गुणाबद्दलच बोलायचे आहे. हा गुण दुसऱ्याला शिकवता येतो का? येत असेल, तर कोणी शिकवायचा? आणि त्या शिकवणाऱ्याला आपण कोणत्या खुर्चीवर बसवायचे?

माझा विषय फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणात, शिकवणारे अध्यापक हा आहे. विषय डॉक्टरमंडळींचा वाटेल. पण ताप आलेल्या मुलाला घेऊन रात्री कोणाचे दार वाजवायचे, हा प्रश्न ज्याच्या घरात कधी ना कधी उठला आहे, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा अहवाल आला. त्या काळी तिथे कोणीही उठावे, चार खोल्या भाड्याने घ्याव्यात आणि वैद्यकीय महाविद्यालय काढावे अशी स्थिती होती. फ्लेक्सनर यांनी ती दुकाने उघडी पाडली आणि त्यातली बरीच बंद झाली. प्रयोगशाळा आल्या, विद्यापीठाची शिस्त आली. हे सगळे चांगलेच झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यापाठोपाठ जॉन्स हॉपकिन्समध्ये पूर्णवेळ प्राध्यापकाची पद्धत सुरू झाली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. प्राध्यापकाने पगारावर राहायचे, वॉर्ड सांभाळायचा, संशोधन करायचे. गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला शिकवण्याच्या जागेतून रजा मिळाली. पुढच्या दोन पिढ्यांनी जे डॉक्टर पाहिले, ज्यांच्यासारखे व्हावेसे वाटले, ते सगळे रुग्णालयातले होते.

यात बिघडले काय? १९६१ साली कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मोजणी छापली. एक हजार प्रौढ माणसे घ्या. महिन्याभरात त्यातल्या सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणेखुपणे होते. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एक. हजारातला एक! वैद्यकीय विद्यार्थी कोणाला पाहून शिकतो? त्या एकाला. मग बाकीचे २४९ जण, ज्यांनी डॉक्टरची पायरी चढली, त्यांचे आजार कोणी शिकवायचे? त्यांना शिकवण्याजोगे मानायचेच नाही का? माझ्या मते विसाव्या शतकातल्या वैद्यकीय शिक्षणाला इतका मूलभूत प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही, आणि तो विचारला गेला एका लहानशा आकृतीतून.

१९६६ हे साल त्यानंतरचे महत्त्वाचे. त्या एका वर्षात अमेरिकेत तीन अहवाल आले. ते मिलिस, विलार्ड आणि फॉल्सम यांच्या नावांनी ओळखले जातात. मिलिस हे एका विद्यापीठाचे अध्यक्ष, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. फॉल्सम कोडॅक कंपनीतले आणि सरकारात आरोग्यखाते सांभाळलेले. तिघांपैकी विलार्ड तेवढे डॉक्टर. तिन्ही अहवालांचा सूर एकच होता: प्रत्येक माणसाला आपला म्हणता येईल असा एक डॉक्टर हवा, आणि तो डॉक्टर तयार करायला स्वतंत्र प्रशिक्षण हवे. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी फॅमिली प्रॅक्टिसला, म्हणजे आजच्या फॅमिली मेडिसिनला, अमेरिकेतली विसावी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. तीन वर्षांची रेसिडेन्सी ठरली. जुन्या जनरल प्रॅक्टिशनरांना अनुभवाच्या जोरावर प्रमाणपत्र देऊन टाका, अशी सोय मात्र ठेवली नाही. प्रत्येकाने परीक्षा द्यायची आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यायची. इतर शाखांनी तेव्हा स्वतःवर एवढे बंधन घालून घेतलेले नव्हते.

हे कागदावर झाले. पण श्रोतेहो, शाखा कागदावर निघते, शिक्षक कागदावर निघत नाहीत. पहिल्या दिवशी रेसिडेंटसमोर उभे राहणार कोण? ज्या विषयात आजवर कोणी रेसिडेन्सी केलेलीच नाही, त्या विषयाचा अध्यापक आणायचा कुठून?

तो आणला चालत्या दवाखान्यातून. गेल स्टीव्हन्स कॅन्ससमधल्या विचिटा शहरात प्रॅक्टिस करत होते. त्यांनी तिथल्याच रुग्णालयात रेसिडेन्सी उभी केली. लिन कारमायकेल मायामीत जनरल प्रॅक्टिशनर होते. शाखेला मान्यता मिळण्याच्या आधीच, साठच्या दशकाच्या मध्यावर, त्यांनी असे प्रशिक्षण सुरू केले आणि १९६७ साली या विषयाच्या शिक्षकांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. हे मला फार मोलाचे वाटते. शाखा मान्य झाली १९६९ला, शिक्षक एकत्र आले १९६७ला. आधी शिकवणारे, मग शाखा.

आणि इयन मॅकव्हिनी. त्यांच्यापाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे. इंग्लंडमध्ये, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला, वडिलांच्या दवाखान्यात ते प्रॅक्टिस करत. तिथे बसून त्यांनी आजाराच्या पहिल्या खुणांवर एक पुस्तक लिहिले. ते १९६४ साली आले. १९६८ साली कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठाने त्यांना फॅमिली मेडिसिनचे प्राध्यापक म्हणून बोलावले. या विषयाचे कॅनडातले ते पहिले प्राध्यापक. आजाराच्या पहिल्या खुणा हा विषय त्यांनाच का सुचला? कारण रुग्णालयातल्या प्राध्यापकाला पहिल्या खुणा फारशा दिसतच नाहीत. तिथे आजार पोचतो तो नाव घेऊन, पूर्ण रूपात. फॅमिली डॉक्टरकडे माणूस येतो तेव्हा त्याच्या तक्रारीला अजून नाव नसते. थकवा. पोटात कसेसेच होणे. ‘बरं वाटत नाही, डॉक्टर.’ त्यातले बहुतेक आपोआप बरे होणार असते, आणि त्यातच कुठेतरी एक क्षयरोग किंवा एक कर्करोग दबा धरून असतो. अशा धूसर जागी नीट उभे राहायला शिकवणे, हे या अध्यापकाचे खरे काम आहे.

ज्ञान वॉर्डात निर्माण होते आणि दवाखान्यात नुसते वापरले जाते, असा समज आपल्याकडेही खोल रुजलेला आहे. तो खोडून काढायला एक उदाहरण पुरे. विल्यम पिकल्स हे यॉर्कशायरमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यातले खेड्यातले डॉक्टर. कावीळ आणि इतर साथीचे रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला किती दिवस घेतात, हे त्यांनी काटेकोर नोंदी ठेवून दाखवून दिले आणि १९३९ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. पण कोणाची मुलगी कोणत्या गावच्या जत्रेला गेली होती, कोण कोणाच्या घरी पाहुणा होता, हे त्यांना ठाऊक होते. हे कोणत्या प्राध्यापकाला वॉर्डाच्या राउंडवर कळले असते? पुढे ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे कॉलेज स्थापन झाले, तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून याच खेड्यातल्या डॉक्टरला मान मिळाला.

आता आपण प्रत्यक्ष रेसिडेन्सीत जाऊ. माझ्या मते इथेच सगळे आहे.

अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीचे हृदय वॉर्डात नसते, दवाखान्यात असते. पहिल्या वर्षी आलेल्या रेसिडेंटला स्वतःच्या रुग्णांची यादी मिळते आणि तीन वर्षे ती माणसे त्याची. गरोदर बाई त्याची, तिचे बाळ झाल्यावर ते त्याचे, तिच्या सासऱ्याचा मधुमेह त्याचा. दवाखान्याच्या मधोमध एक खोली असते. तिथे एक अध्यापक बसलेला असतो. त्याला प्रिसेप्टर म्हणतात. त्या वेळात त्याने आपले रुग्ण तपासायचे नसतात आणि साधारण चारांहून अधिक रेसिडेंट त्याच्यावर सोपवायचे नसतात. रेसिडेंट रुग्णाला तपासतो, या खोलीत येतो, केस सांगतो, आणि दोघे मिळून पुढचे ठरवतात.

समजा, एक रेसिडेंट येऊन सांगतो आहे. बेचाळीस वर्षांची बाई, तीन आठवडे डोके दुखते आहे, ताप नाही, उलटी नाही, रक्तदाब ठीक. सीटी स्कॅन सांगू का?

कच्चा शिक्षक काय करेल? हो किंवा नाही म्हणेल. त्याहून बरा शिक्षक डोकेदुखीच्या कारणांवर दहा मिनिटे उत्तम बोलेल. पण तिकडे बाई खोलीत बसून आहे. मुरलेला प्रिसेप्टर विचारतो, ‘तुला काय वाटतं?’ रेसिडेंटला एका बाजूला उभे राहावेच लागते. मग, ‘कशावरून?’ आणि मग तिसरा प्रश्न, जो या विषयाचा स्वतःचा आहे: ‘तिला स्वतःला काय वाटतंय? आणि ती आजच का आली?’ हे रेसिडेंटने विचारलेलेच नसते. तो परत आत जातो. बाई सांगते, आईला पक्षाघात झाला त्याच्या आधी आईचेही असेच डोके दुखत होते, आणि परवा आईचे वर्षश्राद्ध झाले.

आता प्रिसेप्टर त्याच्याबरोबर आत जातो. तो फारसे बोलत नाही. ऑफ्थॅल्मोस्कोप घेऊन बाईच्या डोळ्यांत शांतपणे पाहतो, मान तपासतो, हातापायांची ताकद पाहतो. रेसिडेंट ते पाहतो. तपासणी रोग शोधण्यासाठी असतेच, पण नीट केलेली तपासणी माणसाची भीतीही उतरवते, हे त्याला त्या वेळी कळते. बाहेर आल्यावर प्रिसेप्टर एक नियम सांगतो, एकच: कोणत्या डोकेदुखीत थांबायचे नाही. काय चांगले झाले ते सांगतो, काय राहिले ते सांगतो. आणि शेवटी, ‘पुढच्या मंगळवारी तिला बोलाव. तूच बघायचंस.’

हे प्रश्न विचारण्याची पद्धत पाच पायऱ्यांत बांधून सिअ‍ॅटलच्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ साली मांडली आणि आज इतर शाखांतही ती शिकवली जाते. पण पायऱ्या पाठ करून प्रिसेप्टर होता येत नाही. ‘पुढच्या मंगळवारी बोलाव’ हे वाक्य कोण म्हणू शकतो? ज्याने स्वतः असे शेकडो मंगळवार पाहिले आहेत तो. कुठे थांबणे सुरक्षित आणि कुठे थांबणे म्हणजे गुन्हा, हे त्याला स्वतःच्या रुग्णांनी शिकवलेले असते. म्हणूनच या शाखेच्या अध्यापकाचा स्वतःचा दवाखाना चालू असणे ही त्याच्या शिकवण्याची पहिली अट आहे, असे मी मानतो. सर्जरीच्या प्राध्यापकाने ऑपरेशन करणे सोडले तर आपण त्याला सर्जन म्हणू का? मग ज्याच्याकडे वर्षानुवर्षे येणारे एकही घर नाही, तो कुटुंबाचे वैद्यक कसे शिकवणार?

त्या अध्यापकवर्गात आणखी एक व्यक्ती असते आणि ती बहुधा डॉक्टर नसते. मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्य शिकलेली व्यक्ती. तिला रेसिडेन्सीच्या अध्यापकांत स्थान असते, पाहुण्या व्याख्यात्याचे नव्हे, सहकाऱ्याचे. रुग्णाची संमती घेऊन तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावलेला असतो. ती आणि रेसिडेंट नंतर ते चित्रण बसून पाहतात. बाईला रडायला आले तेव्हा तू संगणकाकडे का वळलास? तिचे पहिले वाक्य पुरे होण्याआधी तू तिचे बोलणे किती वेळा तोडलेस? अशा प्रश्नांना सामोरे जाणे तरुण डॉक्टरला जड जाते. औषधाचा डोस चुकला तर पुस्तक उघडता येते, इथे स्वतःलाच उघडावे लागते.

डॉक्टरने स्वतःकडे असे पाहण्याचे एक मूळ लंडनमध्ये आहे. मायकेल बालिंट हे हंगेरीतून आलेले मनोविश्लेषक, बुडापेस्टच्या एका जनरल प्रॅक्टिशनरचे चिरंजीव. पन्नासच्या दशकात टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते आणि त्यांच्या पत्नी एनिड जनरल प्रॅक्टिशनरांचे गट घेऊन बसत. डॉक्टरने हातात कागद न घेता एका रुग्णाबद्दल बोलायचे. कोणत्या रुग्णाचे नाव यादीत दिसले की तुमच्या कपाळाला आठी पडते, त्याच्याबद्दल. डॉक्टर स्वतःच एक औषध आहे, आणि प्रत्येक औषधासारखे त्याचेही डोस आणि दुष्परिणाम असतात, हा बालिंट यांचा विचार १९५७ सालच्या त्यांच्या पुस्तकातून जगभर गेला. रुग्ण एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, प्रत्येक जण आपल्या अवयवापुरते पाहतो, आणि अखेर निर्णय कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही, हा रोगही त्यांनी तेव्हाच ओळखला होता. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून जाडजूड फाईल काखेत घेऊन फिरणारे आजोबा तुम्ही पाहिले आहेत. त्यांना चार कन्सल्टंट आहेत. त्यांचा डॉक्टर कोणता?

अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे मी सुचवत नाही. अध्यापकाने दिवसाला किती रुग्ण पाहिले याचा हिशेब तिथे डोक्यावर बसलेला असतो आणि शिकवण्याचा वेळ त्यातून चोरावा लागतो. तिथलेच बरेचसे विद्यार्थी जास्त मिळकतीच्या शाखांकडे जातात आणि फॅमिली मेडिसिनच्या पुष्कळ जागांवर परदेशात शिकलेले डॉक्टर येतात. त्यांत आपली मराठी मुले-मुलीही आहेत. त्यांतली काही आज तिथे अध्यापक आहेत, त्या मधल्या खोलीत बसून कॅन्सस-ओहायोच्या मुलांना ‘तुला काय वाटतं?’ विचारत आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी वाईटही वाटते. हेच काम करायला आपण त्यांना इथे कोणती खुर्ची दिली असती?

आता इथे, घरी येऊ.

१९४६च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा असे म्हटले. लायसेन्शिएटचे अभ्यासक्रम पुढे बंद झाले, एम.बी.बी.एस. राहिले. गावोगाव दवाखाने काढणारी पिढी त्यातून आली. पण त्या एम.बी.बी.एस.ला जनरल प्रॅक्टिस कोणी शिकवली? मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, प्रत्येक विभाग आपापला तुकडा शिकवत होता. ते तुकडे जोडून माणूस करण्याचे काम विद्यार्थ्याने पदवीनंतर, स्वतःच्या जबाबदारीवर, गरिबांच्या वस्तीत शिकायचे. मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ऑनररी डॉक्टरांची परंपरा होती. बाहेर स्वतःची प्रॅक्टिस असलेले नामवंत सकाळी येऊन शिकवत, आणि त्यांच्या राउंडला बाहेरच्या जगाचा वारा असे. पण तेही कन्सल्टंटच. गिरणगावातल्या चाळीखाली दवाखाना चालवणारा डॉक्टर त्या राउंडवर शिक्षक म्हणून कधी उभा राहिला नाही.

फॅमिली मेडिसिनचे डी.एन.बी. हे पदव्युत्तर प्रशिक्षण आपल्याकडे अनेक वर्षे आहे. पण त्यातले बहुतेक विद्यार्थी रुग्णालयात एका विभागातून दुसऱ्यात फिरतात, आणि फिरवणारे त्या त्या विभागाचे असतात. तीन वर्षांत आपल्यासारखा, आपण जे होणार आहोत ते असलेला, एकही शिक्षक ज्याला भेटत नाही, तो कोणाकडे पाहून घडणार? काही चांगली पावलेही पडली. एम.डी. फॅमिली मेडिसिन केरळात कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयात या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर १९८२पासून शहरातल्या गरिबांसाठी कमी खर्चात चांगले उपचार देणारे केंद्र चालवले आणि तिथेच या विषयाचे शिक्षक घडवले. २००२च्या आणि २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत फॅमिली मेडिसिनचा उल्लेख आहे. उल्लेख आहे, श्रोतेहो. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिकवायचे तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी हवी, पदवीधर हवेत तर विभाग हवा, विभाग हवा तर शिक्षक हवेत. या चक्रात जागा रिकाम्या राहतात, आणि ज्याला हा विषय खरोखर येतो तो, तीस-तीस वर्षे दवाखाना चालवलेला एम.बी.बी.एस. डॉक्टर, महाविद्यालयाच्या दारातून आत येऊ शकत नाही.

हे चक्र अमेरिकेने आणि कॅनडाने कसे तोडले ते आत्ताच पाहिले. पहिली पिढी चालत्या दवाखान्यातून घेतली, आणि अमेरिकेत तर तिला परीक्षेला बसवले. दर्जा ढिला केला नाही, दार उघडले. आपल्याला हेच करावे लागेल.

एका जिल्ह्यापुरते बोलतो. जिल्हा रुग्णालय आहे. त्याला जोडून, पण त्याच्या आवाराबाहेर, वस्तीत, एक शिकवणारा दवाखाना हवा. तीन वर्षांचे मिळून बारा रेसिडेंट. त्यांच्यासाठी फॅमिली मेडिसिनची पदवी घेतलेले दोन पूर्णवेळ अध्यापक, ज्यांना स्वतःच्या रुग्णांची यादी ठेवणे बंधनकारक असेल. बोलणे आणि ऐकणे शिकवणारी एक व्यक्ती, समाजकार्याच्या किंवा मानसशास्त्राच्या क्षेत्रातली. बाळंतपण स्वतःच्या हाताने करणारी एक अनुभवी डॉक्टर. आणि गावातले सहा जनरल प्रॅक्टिशनर, आठवड्यातून एकेक सकाळ त्या मधल्या खोलीत बसणारे, ज्यांची शिकवण्याची क्षमता आधी प्रामाणिकपणे तपासलेली असेल आणि ज्यांना प्रिसेप्टर होण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळालेले असेल.

या सहा जणांना विद्यापीठाने अध्यापक म्हणून लेखी मान्यता दिली पाहिजे. त्यांच्या नावाची पाटी विभागाच्या दारावर लागली पाहिजे. सत्कार आणि शाल-श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करता कामा नये. आठवड्यातली एक सकाळ दवाखाना बंद ठेवणे लहान गावातल्या डॉक्टरला परवडत नाही, म्हणून त्या सकाळच्या मिळकतीइतके मानधन त्यांना दरमहा, वेळेवर मिळाले पाहिजे. आणि त्या सकाळी त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांना परत पाठवावे लागू नये, यासाठी तिसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट तिथे बसवावा.